तांब्यावाल्या बाई

मी "माहीत नाही" म्हणाले, म्हणून बाईंनी मला खोली दिली.

नोकरी लागून अचलपूरहून पुण्यात आले तेव्हा माझं ऑफिस खराडीत होतं. बरोबरच्या सगळ्या मुली तिकडेच फ्लॅट घेऊन राहिल्या. मी मात्र नारायण पेठेत आले, कारण आईच्या मैत्रिणीची नणंद तिथं राहायची आणि तिच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बाई एकट्या होत्या. त्यांना एक खोली भाड्यानं द्यायची होती. "थोड्या विचित्र आहेत, पण घर स्वच्छ असतं," असं नणंदबाईंनी सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं ते एका उंच, सडपातळ बाईंनी. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, की मी किती वाजता घरी येणार तेही विचारलं नाही. माझ्या तळहातावर सुपारीएवढं, काळपट, जाडसर काहीतरी ठेवलं आणि म्हणाल्या, "काय आहे सांग."

मी ते उलटंपालटं करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी झिजलेल्या रेघा होत्या.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"अंदाज?"

"नाही येत."

"सामान कधी आणतेस?"

माझ्याआधी दोन मुली येऊन गेल्या होत्या, हे पुढे कळलं. पहिलीनं ते नाणं हातात घेऊन शिवकालीन आहे, असं ठामपणे सांगितलं होतं. दुसरी म्हणाली होती, जुनं बटण असेल. "दुसरी त्यातल्या त्यात बरी होती," बाई म्हणाल्या, "पण तिला मांजर आणायचं होतं."

ते नाणं बहमनी होतं. सहाशे वर्षांपूर्वी गुलबर्गा आणि बिदरहून दख्खनवर राज्य करणाऱ्या सुलतानांचं, तांब्याचं. त्यावर चित्र नसतं, राजाचा चेहरा नसतो, दोन्ही बाजूंना फक्त अरबी अक्षरं. बाईंकडे अशी हजाराच्या आसपास नाणी होती, आणि सगळी तांब्याचीच. एकदा एका व्यापाऱ्यानं त्यांना चांदीचा सुंदर टंका दाखवला. बाईंनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि परत दिला. "चांगला आहे. पण हा कुठे गेलेला नाही. कोणाच्या तरी पेटीत झोपून होता. माझी सगळी बाजारात हिंडून आलेली आहेत." जितकं झिजलेलं नाणं, तितका बाईंचा जीव त्याच्यावर जास्त. कोरं करकरीत तांबं आलं की त्या जरा संशयानंच बघत.

गल्लीत त्यांना तांब्यावाल्या बाई म्हणत. नवीन कुरियरवाल्याला वाटायचं, या तांब्याची भांडी विकतात. एकानं आईसाठी एक तांब्या द्या म्हणून आगाऊ सांगून ठेवलं होतं. बाईंनी त्याला आत बोलावून अर्धा तास नाणी दाखवली. तो परत कधी आला नाही.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर खिडकीकडच्या बाजूला बाराएक स्टीलच्या वाट्या मांडलेल्या असत. प्रत्येकीत पाणी, पाण्यात एक नाणं, आणि वाटीला चिकटपट्टीवर लिहिलेला आकडा. तांब्याला आतून एक हिरवा, भुरभुरीत रोग लागतो, तो नाणं खाऊन टाकतो. त्यातला क्षार बाहेर काढायचा तर शुद्ध पाण्यात आठवडेच्या आठवडे ठेवावं लागतं आणि पाणी बदलत राहावं लागतं. हे पाणी बाई कोपऱ्यावरच्या बॅटरीच्या दुकानातून आणत. दुकानदाराची अशी समजूत होती की बाईंच्या घरी फार मोठा इन्व्हर्टर आहे.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. राहायला आले त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, बाई भाजीला गेल्या होत्या. आपण काही तरी मदत करावी म्हणून मी ओट्यावरच्या दोन वाट्या रिकाम्या केल्या आणि त्यातली नाणी चिंच-मीठ लावून घासली. आमच्याकडे मामाचं भांड्यांचं दुकान आहे, तांबं कसं घासतात हे मला लहानपणापासून येतं. पहिलं नाणं नव्या तांब्यासारखं लालबुंद झालं. दुसरं हातात घेतलं, तोवर बाई दारात होत्या.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. घासलेलं नाणं उन्हात नेलं, भिंगातून पाहिलं, परत आणून माझ्या हातात दिलं.

"छान निघालंय," त्या म्हणाल्या. "वाचायला आता काही उरलं नाही, पण चकाकतं छान."

मला रडू आलं. बाईंनी त्याकडे लक्ष दिलं नाही. प्रत्येक नाण्याचं एक कार्ड असे, त्यावर वजन, जाडी, वाचन. त्या नाण्याच्या कार्डावर त्यांनी माझ्यासमोर लिहिलं, 'घासले. स्वयंपाकघर.', आणि खाली माझं नाव. मग एक जुनी पाटी काढली आणि म्हणाल्या, "बस. आजपासून अक्षरं शीक. निदान काय घासतेस ते तरी कळेल."

अशी मी अलिफ, बे, ते शिकले. खराडीच्या कंपनीच्या बसमध्ये बाकीचे कानात इअरफोन घालून झोपलेले असत, मी वहीत ऐन आणि गैन गिरवत असे.

बाई स्वतः ही अक्षरं पंचेचाळिशी ओलांडल्यावर शिकल्या होत्या. कॅम्पातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे, आठवड्यातून तीनदा, पहिलीच्या पुस्तकापासून. त्याआधी त्यांचा इतिहासाशी काही संबंध नव्हता. त्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. प्रॅक्टिकलसाठी तांब्याचं द्रावण लागे, आणि त्यासाठी शिपाई जुन्या बाजारातून तांब्याची मोड घेऊन येई. तारा, फुटके डबे, पत्र्याचे तुकडे. बाई ती आम्लात टाकत. एके दिवशी पिशवीत तळाशी काळे गोळे होते, तेही त्यांनी टाकले. तांबडा धूर निघाला, पाणी निळंहिरवं झालं, आणि त्या निळ्या पाण्यात एका गोळ्यावर अक्षरं उमटलेली त्यांना दिसली. "फोटो धुताना चेहरा येतो ना वर, तसं," बाई सांगत. चिमटा घालून त्यांनी हाती लागतील तेवढी बाहेर काढली. पाच निघाली. बाकीची त्या वर्षीच्या बारावीच्या मुलांनी परीक्षानळ्यांत वापरली.

"किती गेली असतील त्याआधी?" मी विचारलं होतं.

"तेवीस वर्षं नोकरी झाली होती," बाई म्हणाल्या, आणि विषय बदलला.

नाणी वाचायची ती सकाळी दहा ते अकरा, गॅलरीत, तिरप्या उन्हात. ट्यूबलाइट खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. उन्हाला नाणं अगदी थोडं कलतं करायचं, की झिजलेल्या अक्षराची सावली पडते आणि ते एक क्षण वर येतं. पण वरच्या मजल्यावरच्या वहिनी नेमक्या त्याच वेळी चादरी वाळत घालत.

"बाई, मग चादरी मी वाळत घालू तरी कुठे?"

"अकरानंतर कुठेही घाला."

चार वर्षं मी हा संवाद ऐकला. कोणी आवाज चढवला नाही आणि कोणी वेळही बदलली नाही.

आता बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. मी लग्न होऊन खराडीलाच राहते, दोन-तीन आठवड्यांनी जाते. मध्यंतरी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाली त्या आठवड्यात त्यांनी पहिल्या कार्डापासून सगळी नाणी पुन्हा वाचायला घेतली. "आधीचं सगळं धुक्यात वाचलेलं होतं," म्हणाल्या. "आता स्वतःवर विश्वास कसा ठेवू?" पण स्वतःवर विश्वास न ठेवण्याची त्यांना सवय आधीपासूनच होती. ते मी एकदा जवळून पाहिलं आहे.

बाईंच्या सगळ्या नाण्यांत एकाला वेगळी डबी होती. लहानसं, अर्ध्या वजनाचं, एका बाजूला खड्डे पडलेलं. ठसा मोठा आणि नाणं छोटं, म्हणून या नाण्यांवर मजकूर कधीच पुरता येत नाही. या नाण्यावर एक गैन होता, त्याला जोडून एक छोटासा दात, आणि तिथं नाण्याची कड येऊन शब्द तुटत होता. दाताखाली दोन टिंबं, म्हणजे 'य'चा उच्चार. बाईंनी ते 'गियास' असं वाचलं होतं. त्या नावाचा एक बहमनी सुलतान होऊन गेला, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. दोन महिनेही गादीवर टिकला नाही. त्याच्याच दरबारातल्या एका माणसानं त्याला पकडून आंधळं केलं. त्याचं असं तांब्याचं नाणं पुण्यातल्या नाणी जमवणाऱ्यांत कोणी पाहिलेलं नव्हतं. बाईंनी त्यावर छोटा लेख लिहिला. तो छापून आला, आणि त्यांचं नाव झालं. बाहेरगावाहून अभ्यासक येत ते हे नाणं बघायला. बाई डबी उघडायच्या, आणि त्या पोराची गोष्ट अशी सांगायच्या की जणू तो शेजारच्या इमारतीत राहत होता.

एकच माणूस हे वाचन मानत नव्हता. रास्ता पेठेतले एक घड्याळजी. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, बोलणं कमी, नजर सुईसारखी. नाणी जमवणारे लोक महिन्यातून एका रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात जमत, तिथं त्यांची आणि बाईंची गाठ पडे.

"बाई, ती टिंबं नाहीत. गंज आहे," ते म्हणत.

"आपण घड्याळं बघा," बाई म्हणत.

एवढंच. एकोणीस वर्षं. ते बाईंना कधी आपलं एकही नाणं दाखवत नसत, आणि बाईही मागत नसत.

बाईंकडे माझं तिसरं वर्ष होतं. दिवाळीला अचलपूरला गेले. मामाच्या दुकानात बसले होते. गिऱ्हाइकं जुनी भांडी मोडीत घालतात, त्याच्याबरोबर कधीकधी नाणी येतात. मामा ती वितळवायला न देता एका डब्यात टाकून ठेवत असे. मी सहज डबा उपडा केला आणि एकेक नाणं दारातल्या उन्हात धरू लागले. बाईंची सवय लागली होती. सहावं की सातवं नाणं हातात आलं आणि मी तशीच बसून राहिले.

अर्ध्या वजनाचं. गैन. दात. गैनाशेजारी एक बारीक उंच रेघ होती, ठशाला गेलेल्या तड्याची. तीच रेघ, त्याच जागी, बाईंच्या नाण्यावर होती. म्हणजे दोन्ही नाणी एकाच ठशातून निघालेली. पण या नाण्याचं तांबं नीट राहिलं होतं आणि ठसा जरा सरकून बसला होता, त्यामुळे पुढचंही दिसत होतं. टिंब दाताच्या खाली नव्हतं, वर होतं, आणि एकच होतं, म्हणजे 'य' नव्हे, 'न'. त्यापुढं मागं वळलेली लांब शेपटी. गियास नाही. गनी. देवाचं एक नाव, पुढच्या सुलतानांच्या बिरुदांत नेहमी येणारं. बाईंच्या साध्या डब्यांतही ते पन्नास ठिकाणी होतं.

"काय झालं वं?" मामानं विचारलं.

"काही नाही."

"पायजे तं घेऊन जाय नं. तुया त्या मास्तरीनबाईले दे. कवाचं पडून हाय, मले काय करा लागते त्याचं?"

ते तिथंच ठेवून द्यावं, असं मला फार वाटलं. मामानं कागदात बांधून माझ्या पर्समध्ये टाकलं.

पुण्यात आल्यावर मी ती पुडी कपाटात साड्यांखाली ठेवली. रोज ऑफिसला निघताना बघायची, परत ठेवायची. बाईंना सांगितलं तर त्यांचा एवढा एकच मोठा शोध जाणार, आणि तो माझ्या हातून. नाही सांगितलं तर कोणाला कळणार होतं? मधल्या बुधवारी सोलापूरहून एक प्राध्यापिका आल्या. बाईंनी डबी उघडली, गोष्ट सांगितली. मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून ऐकत होते.

नवव्या दिवशी, शनिवारी, बाई म्हणाल्या, "कपाटात काय आहे गं? आठवडाभर त्याला उठून भेटतेस."

मी पुडी आणून दिली.

सकाळचे दहा वाजून गेले होते, गॅलरीत ऊन होतं. बाईंनी आधी माझं नाणं पाहिलं, मग डबीतलं, मग पुन्हा माझं. बराच वेळ. वरून एक चादर खाली आली आणि ऊन गेलं, तरी त्या वर बघून काही म्हणाल्या नाहीत. शेवटी भिंग गळ्यात सोडून त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे तुझ्याकडे?"

"दिवाळीहून आले तेव्हापासून."

"म्हणजे बुधवारी होतं."

"हो."

"त्या बाई प्रबंध लिहितायत. माझ्या तोंडून ऐकून चुकीचं लिहून घेऊन गेल्या, आणि तू आत बसली होतीस." त्या रागावल्या होत्या, पण आवाज नेहमीचाच होता. "त्यांना फोन लाव."

मी फोन लावून दिला. बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं, "परवा सांगितलेलं वाचन रद्द करा. मी चुकले होते. नवा पुरावा आलाय, फोटो पाठवते." पलीकडून काहीतरी सांत्वनाचं बोलणं चाललं असावं. "नाही, नाही, शंका वगैरे नाही. चूकच," बाई म्हणाल्या आणि फोन मला दिला. मग आत जाऊन कार्ड काढलं, लाल शाईनं जुन्या वाचनावर रेघ मारली, खाली नवं लिहिलं, आणि दुरुस्ती कोणाकडून म्हणून माझं पूर्ण नाव. मी नको म्हणाले.

"का? चिंच-मीठ लावलंस तेव्हा लिहिलं होतं. आता का नको?"

त्या महिन्याच्या सभेला मी त्यांच्याबरोबर गेले. तीसेक माणसं शाळेच्या बाकांवर दाटीनं बसलेली. कोणाच्या तरी चांदीच्या रुपयांची चर्चा संपली आणि बाई उठून फळ्याकडे गेल्या. खडूनं गैन काढला, दात काढला, टिंब वर दिलं, शेपटी वळवली.

"एकोणीस वर्षं मी हे गियास म्हणून वाचत होते. ते गनी आहे. लेख मागे घेते," त्या म्हणाल्या. "घड्याळजी पहिल्यापासून सांगत होते की खालची टिंबं हा गंज आहे. तो गंजच आहे. त्यांचं बरोबर होतं."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या.

"आता कशाला?" बाई म्हणाल्या. "त्या वेळी वाजवल्या होत्या, त्या आधी परत घ्या."

लोक हसले. मी घड्याळजींकडे बघत होते. ते हसले नाहीत. खाली मान घालून टोपी हातात फिरवत बसले होते. चहा आला तेव्हा ते वर्गात नव्हते.

"गेले?" बाईंनी मला विचारलं.

"हो, आत्ताच."

"काही म्हणाले?"

"नाही."

हे मात्र त्यांना लागलं. परतताना आम्ही चालत निघालो. लक्ष्मी रस्त्यावर रविवारची गर्दी होती. बाई भराभर पुढे चालत होत्या. मला वाटलं, लेखाचं दुःख असेल.

"लेखाचं काही नाही," त्या म्हणाल्या, मी न विचारताच. "वाईट त्या पोराचं वाटतं. त्याचं म्हणून एक नाणं माझ्या घरी होतं. तेही नाही राहिलं." थोडं चालून मग म्हणाल्या, "गनीचा अर्थ माहीत आहे ना तुला?"

"ज्याला कशाची गरज नाही असा."

"हं. घ्या. एवढी वर्षं हे डबीत होतं आणि मी दुसऱ्याचंच नाव घेत होते." आणि त्या हसल्या, रस्त्यात थांबून, डोळे पुसण्याइतकं. मग समोरच्या दुकानातून आम्ही गरम बाकरवडी घेतली आणि खात खात घरी गेलो. बाईंना रस्त्यात खाताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते. दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात घड्याळजी. तीन मजले चढून धाप लागली होती, शर्टाच्या खिशावर एक हात घट्ट दाबलेला. मी त्यांना इतक्या वर्षांत या घरात कधी पाहिलं नव्हतं. त्यांना आत घ्यावं की बाईंना हाक मारावी, मला सुचेना. तोवर बाई गॅलरीतून आल्या.

"काल चहा न घेता गेलात."

"हो." त्यांनी श्वास सावरला. "बाई, तुम्ही माझं नाव घ्यायला नको होतं."

"बरोबर होतात, म्हणून घेतलं."

"बरोबर होतो, पण मला वाचता येत नाही." ते माझ्याकडे न बघता बाईंशी बोलत होते. "गंज ओळखतो. धातू ओळखतो. अक्षर येत नाही. अलिफसुद्धा येत नाही. तुम्ही हसाल म्हणून कधी काही आणून दाखवलं नाही."

बाईंनी गॅलरीतली आपली खुर्ची त्यांच्याकडे ओढली आणि त्या स्वतः स्टुलावर बसल्या. "बसा. ऊन आहे अजून."

घड्याळजींनी खिशातून एक नाणं काढलं, पुठ्ठ्याच्या तुकड्यात दोऱ्यानं गुंडाळलेलं. बाईंनी ते उघडलं, उन्हाला कलतं केलं, भिंग लावलं. वरच्या वहिनींनी चादर झटकली. "अहो वहिनी, दहा मिनिटं थांबता का?" घड्याळजी वर बघून म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे वहिनी थांबल्या.

बाईंनी नाणं त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. "हे बघा. हा अलिफ. सरळ उभा आहे तो. दिसला?"

"दिसला."

"ही 'हे'. हा मीम. हा दाल. अहमद."

"अहमद," घड्याळजी म्हणाले. त्यांनी नाणं स्वतःच्या हातात घेतलं आणि पुन्हा एकदा, बोट फिरवत, हळूच म्हणून पाहिलं.

मी चहा टाकायला आत गेले. बाहेरून बाईंचा आवाज आला.

"घरी आणखी आहेत का अशी?"



"पिशवीभर आहेत," घड्याळजी म्हणाले.

"मग रोज एकच आणा," बाई म्हणाल्या.